तिसरा आग्रह

मुलीच्या शिक्षणासाठी चालून आलेले दहा हजार डॉलर रॉल्फ टॉलेफसनने नाकारले, तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे टॅमरॅक बे गावात याबद्दल वाटेल ते बोललं गेलं. कुणी म्हणालं, त्याला त्या दिवशी ताप होता. कुणी म्हणालं, त्याला फोन नीट ऐकू आला नाही. खरी गोष्ट एवढीच की त्याला विचारलं गेलं दोनदाच, आणि मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात सभ्य माणूस कुठलीही वस्तू तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नाही.

यात रॉल्फचा दोष फारसा नाही. त्याची आई आर्डिस या बाबतीत अख्ख्या जिल्ह्याला धडा घालून देणारी बाई. तिला कॉफी विचारली की ती म्हणते, "नको, आत्ताच घेतली." पुन्हा विचारलं की म्हणते, "छे, माझ्यासाठी कशाला मांडामांड करता." तिसऱ्यांदा विचारलं की, "मग अर्धा कप द्या," आणि त्यानंतर ती सहज किटली संपवते. एकदा चर्चमध्ये टेक्सासहून नवे पाद्री आले. त्यांनी पहिल्याच नकाराला किटली उचलली आणि ते शेजारच्या टेबलाकडे गेले. आर्डिस त्या रविवारी कोरड्या घशाने घरी आली, आणि या पाद्र्यांच्या प्रवचनात काही दम नाही, असं पुढे वर्षभर सांगत राहिली.

तर अशा आईच्या पोटी जन्मलेला रॉल्फ जिल्ह्याच्या रस्ते खात्यात पाट्यांचा प्रमुख होता. कुठल्या वळणावर कुठली पाटी लावायची, हरणं कुठे आडवी येतात, पूल कुठे अरुंद होतो, हे सगळं तो ठरवत असे. पाटीवर चारपेक्षा जास्त शब्द नकोत, भरधाव जाणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे, असा त्याचा दंडक होता. दिवसभर इतकं स्पष्ट लिहिणारा माणूस घरी आल्यावर मीठ पुढे कर असंही सरळ म्हणत नसे. "आज बटाटे जरा शांतच झालेत," असं म्हणायचा आणि वाट पाहायचा.

मार्चच्या शेवटी मुलीच्या नावाने तीन कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं आली. मुलीचं नाव सिग्ने. तिला नकाशे काढायचे होते. म्हणजे हौस म्हणून नव्हे, आयुष्यभर. आजोबा होते तेव्हा दर हिवाळ्यात ती त्यांच्याबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला जायची. मासे आजोबा पकडायचे. सिग्ने बर्फाला पाडलेल्या भोकातून दोरीला शिसं बांधून खाली सोडायची, खोली मोजायची आणि वहीत मांडायची. असं करत करत तिने बिग टॅमरॅक तळ्याचा अख्खा तळ कागदावर उतरवला होता. सरकारी नकाशात जिथे सपाटी दाखवली होती तिथे तिच्या नकाशात एक खड्डा निघाला, आणि तो खरोखर होता. जुने कोळी आता तिथेच गळ टाकतात आणि कुणाला सांगत नाहीत.

नकाशाशास्त्राचा नाव घेण्याजोगा विभाग तिघांपैकी एकाच ठिकाणी होता: खाली इलिनॉयमधलं ड्रेस्कॉट कॉलेज. दुसरं होतं घराजवळचं सरकारी विद्यापीठ. तिथे भूगोल होता, पण तो शिकवणारे गृहस्थ निवृत्तीच्या दिवसांकडे डोळे लावून बसले होते. तिसरं नॉर्डहेम. तिथे रॉल्फ शिकला होता, त्याचे वडील शिकले होते, आणि तिथे नकाशा म्हणजे पाहुण्यांना पार्किंग दाखवणारा कागद.

"तुला कुठे जायचंय?" असं रॉल्फने विचारलं, तेव्हा सिग्ने म्हणाली, "कुठेही चालेल." रॉल्फने ते मनावर घेतलं नाही. भांडी पुसताना तिची आई लिनेट हिने दुसऱ्यांदा विचारलं. "जिथे परवडेल तिथे," सिग्ने म्हणाली. शेवटचं ताट पुसून झाल्यावर लिनेटने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ड्रेस्कॉट." आणि लगेच कान लाल करून फडकं वाळत घालायला निघून गेली.

मग तिघंजण पत्रांची तुलना करायला बसली. लिनेट दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर असते. दिवसभर लोकांना त्यांची बिलं समजावून सांगते. त्यामुळे कुठलाही आकडा वाचताना तिचा आवाज बदलत नाही. तिने नॉर्डहेमचं पत्र उघडलं. जाड, साईच्या रंगाचा कागद, वर सोनेरी शिक्का, आणि पहिलाच शब्द 'अभिनंदन'. पुढे लिहिलं होतं की टॉलेफसन कुटुंबासाठी कॉलेजने भव्य साहाय्य उभं केलं आहे. त्या भव्य साहाय्यातला निम्म्याहून मोठा भाग कर्जाचा होता. म्हणजे कर्ज टॉलेफसनांनी काढायचं, व्याजासकट टॉलेफसनांनीच फेडायचं, आणि आभार तेवढे कॉलेजचे मानायचे.

"आणि राहण्याजेवण्याचा खर्च?" रॉल्फने विचारलं.

"तो धरलेला दिसत नाही," लिनेट म्हणाली. "तू जेवत होतास ना तिथे?"

"जेवत होतो. पण बोलून दाखवत नव्हतो."

सरकारी विद्यापीठाने पत्रात आकडे वगैरे लिहिण्याचा फालतूपणा केलाच नव्हता. त्यांच्या संकेतस्थळावर शिरलं की आकड्यांचा एक रकाना दिसायचा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तीन अक्षरांचं एक कोडं. एकाचा अर्थ बघावा तर त्याच्या खुलाशात आणखी दोन कोडी. ड्रेस्कॉटचं पत्र मात्र सरळ होतं. अनुदान किती, वाचनालयात काम करून मिळतील ते किती, कर्ज किती, सगळं वेगवेगळं. फक्त शेवटची वजाबाकी त्यांनी वाचकावर सोडली होती. ती लिनेटने केली. ड्रेस्कॉटला पाठवायचं तर दर वर्षी दहा हजार कमी पडत होते.

रॉल्फने सवयीप्रमाणे तिन्ही पत्रांचं सार चार शब्दांत मांडून पाहिलं. 'पुढे रस्ता बंद आहे' याखेरीज काही सुचेना.

याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी रॉल्फने आणि त्याच्या भावांनी वडिलांची तळ्याकाठची खोपी विकली होती. रॉल्फच्या वाट्याचा पैसा आला तसा आर्डिसच्या नव्या घराकडे गेला, जिथे न्हाणीघरात कठडे आहेत आणि मजल्यावर नर्स आहे. पण मदतीच्या सरकारी फॉर्मवर, ज्यात दोन वर्षांपूर्वीचंच उत्पन्न धरतात, तो पैसा रॉल्फची त्या वर्षीची कमाई म्हणून झळकत होता, आणि पैसे गेले कुठे हे विचारणारा रकाना नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तरी रॉल्फला श्रीमंत ठरवलं होतं, आणि तेही बिल पाठवण्यासाठी. हे त्याच्या मनाला फार लागलं.

शेजारी डुएन क्वाम याला हे सांगायची कुणाची इच्छा नव्हती, म्हणजे त्याला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. डुएन विम्याचा निवृत्त एजंट. स्वतःच्या अंगणातला बर्फ उपसता उपसता तो शेजाऱ्यांच्या आयुष्यातही फावडं घालत असतो.

"अरे, पहिलं पत्र म्हणजे काय शेवटचं असतं का?" डुएन म्हणाला. "गाडी घेताना लिहिलेली किंमत देतोस का तू?"

"देतो," रॉल्फ म्हणाला.

"देतोस?"

"मागच्या वेळी दिली. त्यांनी पायाखालचे गालिचे वेगळे लावले, त्याचेही दिले. आभाराचं कार्ड पाठवलं."

डुएनने फावडं बर्फात रोवलं. "रॉल्फ," तो मग म्हणाला, "अपील कर. लेखी. परिस्थिती वेगळी आहे म्हण. खोपी विकली, आईसाठी विकली, पैसा हातात नाही म्हण. आमच्या धंद्यात अपील न करणाऱ्यावरच तर कंपनी चालायची."

रॉल्फने ड्रेस्कॉटला अपील लिहायला घेतलं. 'आपल्याला त्रास देतो आहे याबद्दल क्षमा असावी,' इथून सुरुवात झाली. 'आमचं तसं बरं चाललं आहे. आपल्याकडे याहून गरजू अर्ज असतील याची कल्पना आहे. सवडीने बघावं, न बघितलं तरी राग नाही.' लिनेटने ते वाचलं आणि त्याच निर्विकार आवाजात म्हणाली, "हे अपील नाही. हा राजीनामा आहे." मग तिने स्वतः बसून नवं लिहिलं, त्याला विक्रीचा कागद आणि आर्डिसच्या घराच्या पावत्या जोडल्या, आणि रॉल्फची फक्त सही घेतली.

एप्रिलच्या मध्याला फोन आला तेव्हा रॉल्फ खात्याच्या शेडमध्ये ट्रकवर पाट्या चढवत होता. ड्रेस्कॉटच्या मदत कार्यालयातून डीना पालुम्बो नावाच्या बाई बोलत होत्या. त्या मूळच्या न्यू जर्सीच्या, हे त्यांच्या पहिल्या वाक्यातच कळलं, कारण त्यांनी हवेची चौकशी केली नाही.

"मिस्टर टॉलेफसन, तुमचं अपील वाचलं. अगदी रास्त आहे. आम्ही दर वर्षी दहा हजारांचं अनुदान वाढवू शकतो. कर्ज नाही, अनुदान. चालेल?"

रॉल्फच्या डोळ्यांपुढे सिग्नेचे लाल कान आले. आणि तोंडातून, आर्डिसने चमच्याने पाजलेलं जे काही होतं, ते बाहेर पडलं. "अहो, एवढं कशाला. उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास नाही. हे माझं कामच आहे. म्हणजे तुम्हाला नको आहेत का? नक्की?"

हे दुसरं. रॉल्फला आता बरं वाटू लागलं. सगळं रीतीने चाललं होतं. "भागेल हो आमचं काही तरी करून," तो मायेने म्हणाला. "दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

"वा," पालुम्बोबाई म्हणाल्या. "वीस वर्षांत असं मला कुणी म्हणालं नाही. ठीक आहे, मी तशी नोंद करते. तुमचा दिवस छान जावो."

आणि फोन बंद झाला. रॉल्फ फोनकडे पाहत राहिला. लाइन कटली असणार. दुसरीकडून फोन आला असेल, किंवा कुणी दारात उभं असेल. करतील पुन्हा.

संध्याकाळी त्याने घरी ही बातमी सांगितली. इथे कुणाला वाटेल की लिनेटने कपाळावर हात मारला असेल. पण लिनेटही टॅमरॅक बेचीच.

"दहा म्हणाली? अनुदान?" तिने विचारलं. "मग तू काय म्हणालास?"

"दोनदा नको म्हणालो."

"बरोबर," लिनेट म्हणाली. "मग उद्या करेल."

सिग्ने उठून बापाच्या गळ्यात पडली, आणि त्या घरात वाढदिवस सोडून कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. डुएनला अंगणातूनच सांगण्यात आलं. "दोनदा विचारलं?" तो म्हणाला. "मग झालंच की. मी त्या मुलीला कॉलेजचा स्वेटशर्ट घेऊन देतो." आणि त्याने तो खरंच मागवला, जांभळा, पुढे 'ड्रेस्कॉट' लिहिलेला. सिग्नेने दोनदा नको म्हटलं.

उद्या फोन आला नाही. परवाही नाही. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी हा विषय सगळ्यांच्या सल्ल्यासाठी खुला झाला. टेबलावर लिंबाच्या वड्यांचं ताट होतं आणि त्यात एकच वडी उरली होती. ती कुणी उचलणं शक्यच नव्हतं. आधी एका बाईने तिचे दोन भाग केले, मग दुसरीने उरलेल्याचे दोन केले, मग तिसरीने त्याचेही. शेवटी ताटात जे उरलं ते मुंगीनेही संकोचाने घेतलं असतं.

"पूर्वेकडची बाई आहे ना," एकीने समजावलं. "त्यांच्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत जरा जास्त अंतर ठेवत असतील."

"तिला वाटत असेल, लगेच विचारलं तर बरं दिसत नाही," दुसरी म्हणाली.

आर्डिस तिसऱ्या कपावर होती. "रॉल्फने उत्तम केलं," तिने निकाल दिला. "पहिल्या फटक्यात पैसे घेणाऱ्यांच्या घरात मला कधी जेवायलाही आवडलं नाही."

मंगळवारी पत्र आलं. लिनेटने ते वाचायला सुरुवात केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मधेच थांबला. श्रीयुत टॉलेफसन यांनी वाढीव अनुदान नाकारून जो उदारपणा दाखवला त्याने संपूर्ण कार्यालय भारावून गेलं होतं. ती रक्कम दुसऱ्या एका होतकरू विद्यार्थिनीला देण्यात आली होती. तिच्या कुटुंबाने पहिल्याच फोनवर आनंदाने होकार दिला, असंही कुणी तरी मुद्दाम लिहिलं होतं. आणि सोबत देणग्या पाठवण्यासाठी एक छापील लिफाफा जोडला होता, कारण इतक्या मोठ्या मनाचा माणूस कॉलेजला रोज भेटत नाही.

सिग्ने पत्र हातात घेऊन उभी होती. तिने ते घडी केलं, लिफाफ्यात घातलं, आणि म्हणाली, "असू दे, बाबा. जवळचंही चांगलं आहे. खरंच."

खरंच म्हणाली, म्हणजे ते खोटं होतं हे रॉल्फला तत्क्षणी कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली. आपली सभ्यता आपण मुलीच्या पैशाने मिरवली, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉलेजला फोन लावला. मदत अपुरी वाटत असल्यास एक दाबा, असं यंत्र म्हणालं. मदत समजली नसल्यास दोन. मिळालेली मदत नाकारायची असल्यास तीन. नाकारलेली परत हवी असल्यास काय दाबायचं, याचा विचार त्या यंत्राच्या जन्मदात्यांनी केलेला नव्हता. रॉल्फने शेवटी एक दाबलं. पलीकडे कार्यालयात काम करणारी एक विद्यार्थिनी होती.

"सर, नाकारलेलं परत घ्यायचा फॉर्म आमच्याकडे नाही," ती म्हणाली. "तुम्ही नवं अपील करा."

नव्या अपिलाच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, मागच्या अपिलानंतर परिस्थितीत काय बदल झाला? रॉल्फ प्रामाणिक माणूस. त्याने लिहिलं, 'काही नाही.' संगणकाने अर्ज जागच्या जागी फेटाळला. डुएनचं मत पडलं की छप्पर कोसळलं असं लिहावं, आणि हवं तर त्यासाठी तो स्वतः वर चढायला तयार होता. लिनेटने पालुम्बोबाईंना निरोप ठेवला. त्याचं उत्तर म्हणून आणखी एक देणगीचा लिफाफा आला.

एक मे ही उत्तर देण्याची शेवटची तारीख. त्या दिवशी शाळेत सगळी मुलं आपापल्या कॉलेजचे स्वेटशर्ट घालून फोटो काढतात. डुएनचा जांभळा स्वेटशर्ट घडी घालून खुर्चीवर पडला होता आणि सिग्ने त्या खुर्चीवर बसायचं टाळत होती. तीस एप्रिलच्या पहाटे रॉल्फने गाडी सुरू केली आणि तिला हाक मारली.

"कुठे?" तिने विचारलं.

"इलिनॉय."

"नको रे, बाबा. इतक्या लांब."

"बस गाडीत," रॉल्फ म्हणाला. दुसऱ्यांदा विचारायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

दिवसभर गाडी हाकून ते चारच्या सुमारास ड्रेस्कॉटला पोचले. पालुम्बोबाई पन्नाशीच्या, ठसठशीत, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. नाव ऐकताच त्या उठल्या आणि त्यांनी रॉल्फचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "तुम्हीच ते! अहो, मी तुमची गोष्ट माझ्या आईला सांगितली."

रॉल्फ बसला. त्याने हवेचा विषय काढला. बर्फ यंदा उशिरा वितळला म्हणाला. मग विस्कॉन्सिनमधल्या रस्त्यांच्या कामाबद्दल बोलला. वाटेत वळणांवरच्या पाट्या फार खाली लावल्यात, अशी त्याने हळहळ व्यक्त केली. मक्याच्या पेरणीपर्यंत बोलण्याची गाडी आली तेव्हा पालुम्बोबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"मिस्टर टॉलेफसन, मी तुमच्यासाठी काय करू शकते?"

"तसं विशेष काही नाही," रॉल्फ म्हणाला. "इकडून चाललो होतो."

"मग भेटून खूप आनंद झाला," असं म्हणून बाई उठायला लागल्या. त्यांना काय माहीत. त्यांच्या गावात माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं.

"मला इथे शिकायचंय," सिग्ने म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान पेटले होते, पण आवाज ठाम होता. "आम्हाला ते पैसे हवे होते. बाबांनी नको म्हटलं ते खरं नव्हतं. आमच्याकडे दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात."

पालुम्बोबाई सावकाश खाली बसल्या. "आणि समोरच्याने तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"असं होत नाही," रॉल्फ म्हणाला. "विचारतातच."

"मी नाही विचारलं."

"हो," रॉल्फ म्हणाला. "आम्ही वाट पाहिली."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि संगणकावर बराच वेळ काहीतरी पाहिलं. ते दहा हजार गेले ते गेले, त्या म्हणाल्या, त्या मुलीकडून ते काढून घेता येणार नाहीत. रॉल्फ म्हणाला, छे छे, तसं मनातही आणू नका, आणि हे मात्र त्याच्या मनातलं होतं. पण आज सकाळीच एकाने दुसऱ्या कॉलेजात जायचं ठरवलं होतं. त्याचे सात हजार मोकळे झाले होते.

"सात. दर वर्षी," बाई म्हणाल्या. "घेणार?"

रॉल्फचं तोंड उघडलं. 'अहो, एवढं' इथपर्यंत शब्द येऊन ठेपले होते. सिग्नेने श्वास रोखला. रॉल्फने तोंड मिटलं, आणि उघड्यावर कपडे काढावे लागल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "हो."

"छान," बाई म्हणाल्या आणि काहीतरी टाइप करू लागल्या.

पण रॉल्फ उठेना. सात म्हणजे दहा नव्हते. तीन हजार उरत होते, ते कुठून आणायचे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि इतकं सगळं करून एक मेला मुलीला जवळचंही चांगलं आहे असं पुन्हा म्हणायला लावणं त्याच्याने होणार नव्हतं. त्याने टोपी गुडघ्यावर दोन वेळा फिरवली.

"आणखी तीन मिळतील का?" त्याने विचारलं.

त्याने आयुष्यात कुणाकडे काही असं मागितलं नव्हतं. सिग्नेने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," पालुम्बोबाई म्हणाल्या. "माफ करा, पण नाहीत."

इलिनॉयमध्ये किंवा न्यू जर्सीत हा विषय इथे संपला असता. पण रॉल्फ ज्या गावचा होता तिथे पहिल्या नकाराला नकार म्हणत नाहीत. त्याने मान हलवली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "थोडे तरी बघा ना. तीनच तर आहेत."

"मिस्टर टॉलेफसन, मी सांगितलं तुम्हाला. पैसे संपलेत."

"हो, हो," रॉल्फ म्हणाला. "बरोबर आहे तुमचं." आणि तो तसाच बसून राहिला. बाहेर कुणी तरी गवत कापत होतं. बाईंनी संगणकाकडे पाहिलं, सिग्नेकडे पाहिलं, पुन्हा संगणकाकडे पाहिलं. रॉल्फने टोपी खाली ठेवली. आईने त्याला जे शिकवलं होतं, त्यातलं अर्धं त्याने आजवर कधी वापरलंच नव्हतं. नको म्हणणाऱ्याला सोडायचं नसतं, हेही तिनेच शिकवलं होतं.

"माझ्या मुलीसाठी," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "बघाच."

पालुम्बोबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या गावात सगळेच असे आहेत?"

"मीच त्यातल्या त्यात कमी आग्रही," रॉल्फ म्हणाला.

बाई हसल्या. मग त्यांनी एक खण उघडला, कुणाला तरी फोन लावला, खिडकीकडे तोंड करून खालच्या आवाजात बोलल्या, आणि परत वळून म्हणाल्या, "दोन. वाचनालयातले तिचे तास वाढवले की राहिलेले एक हजारही निघतील. आता मात्र उठा."

"हो," रॉल्फ म्हणाला. बाईंचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

परतीच्या वाटेवर सिग्नेच्या अंगावर जांभळा स्वेटशर्ट नव्हता, तो घरीच राहिला होता. पण ती खिडकीला कपाळ टेकून मधूनच एकटीच हसत होती, आणि रॉल्फ प्रत्येक वेळी ते बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता. विस्कॉन्सिनची हद्द ओलांडल्यावर तो म्हणाला, "एक सांगतो. आजीला यातलं काही कळता कामा नये."

"मग तिला काय सांगायचं?"

रॉल्फने समोरच्या रस्त्याकडे बघत थोडा विचार केला.

"सांगायचं, आम्ही नकोच म्हणत होतो," तो म्हणाला. "पण त्या बाईंनीच फार आग्रह केला."